मॉर्टलेकचा पंडित

शिवछत्रपतींचा राज्याभिषेक रायगडावर ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ या तिथीस झाला हे सर्वश्रुत आहे. परंतु त्या तिथीची इंग्रजी तारीख आपण ६ जून १६७४ अशी सांगतो, तेव्हा समारंभास हजर असलेला मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन याच्या कागदांतील तारीखच आपण उचलत असतो, आणि ती जुन्या, म्हणजे ज्युलियन, कालगणनेची आहे. त्याच दिवशी गोव्यातील पोर्तुगीज दप्तरात १६ जून चालू होता. मराठ्यांच्या इतिहासाची साधने चाळणाऱ्या संशोधकांना इंग्रजांचे पत्र आणि पोर्तुगीजांचे पत्र शेजारी ठेवताना हे दहा दिवस, आणि १७०० नंतर अकरा दिवस, सदैव ध्यानात ठेवावे लागतात. ही अडचण उत्पन्नच होऊ नये असा उपाय ऑक्झिंडेन रायगडावर येण्याच्या ९१ वर्षे आधी इंग्लंडच्या राणीपुढे एका पंडिताने लेखी मांडला होता आणि तिच्या मंत्र्यांना तो पटलाही होता. त्या पंडिताचे नाव जॉन डी.

ज्युलियन वर्ष ३६५ दिवस ६ तासांचे धरलेले असे, आणि खरे सौर वर्ष त्याहून सुमारे अकरा मिनिटांनी लहान असल्यामुळे सव्वाशेहून थोड्या अधिक वर्षांत एक दिवस अशा गतीने पंचांग ऋतूंच्या मागे पडत चालले होते. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ च्या ऑक्टोबरात ४ तारखेनंतर एकदम १५ तारीख धरण्याचे फर्मान काढून ही चूक निस्तरली. त्यांचा हिशेब इसवी सन ३२५ च्या नायसीया येथील धर्मसभेपासूनचा होता. राणी एलिझाबेथच्या दरबाराने डीचे मत मागविले, तेव्हा त्याने हिशेब ख्रिस्तजन्मापासून करावा असे प्रतिपादन करून दहाऐवजी अकरा दिवस गाळणे सयुक्तिक ठरेल असे दाखवून दिले. मात्र शेजारच्या राष्ट्रांशी व्यापार आणि पत्रव्यवहार सुरळीत चालावा म्हणून दहा दिवसांवर समाधान मानण्याचीही तयारी त्याने दर्शविली, आणि ते दिवस मे ते ऑगस्ट या महिन्यांतून थोडे थोडे कसे कमी करावेत याचा तक्ताही जोडला. थॉमस डिगेस आणि हेन्री सॅव्हिल यांसारख्या जाणत्यांनी तो तपासून मान्य केला. पण कँटरबरीचे आर्चबिशप ग्रिंडल आणि त्यांचे सहकारी यांनी, पोपच्या पावलावर पाऊल टाकण्यापूर्वी सर्व प्रॉटेस्टंट राष्ट्रांचा विचार घेतला पाहिजे, असा मोघम अभिप्राय देऊन प्रकरण बासनात बांधले. ते बासन सुटले १७५२ मध्ये. त्या वर्षी इंग्लंडात आणि त्याच्या सर्व मुलखांत २ सप्टेंबरनंतर १४ सप्टेंबर उजाडला.

असल्या सूक्ष्म आणि व्यवहारी गणिताचा कर्ता त्याच वर्षी, त्याच घरात, स्फटिकाच्या गोळ्यातून देवदूतांशी संभाषण करीत होता, हे वाचून आजचा वाचक दचकतो, आणि मग डीचे दोन तुकडे करून एक विज्ञानाच्या इतिहासाला आणि दुसरा अंधश्रद्धेच्या इतिहासाला देऊन टाकण्याकडे त्याचा कल होतो. मला ही वाटणी अन्यायाची वाटते. डीच्या आयुष्यात गणिताने जी वाट धरली होती तीच पुढे स्फटिकापर्यंत गेली, आणि ती वाट समजून घेतल्यावाचून त्या शतकातील विद्येचे स्वरूपच ध्यानात येत नाही.

जॉन डीचा जन्म १३ जुलै १५२७ रोजी लंडनमध्ये झाला. बाप रोलंड डी हा कापडाचा व्यापारी, आठव्या हेन्रीच्या पदरी एक लहानसा मानकरी, आणि घराणे मूळचे वेल्सचे. पंधराव्या वर्षी मुलगा केंब्रिजला गेला आणि त्याच्याच सांगण्याप्रमाणे दिवसाचे अठरा तास अभ्यास, चार तास झोप आणि दोन तास जेवण व विरंगुळा असा त्याने क्रम ठेवला. ट्रिनिटी कॉलेज १५४६ मध्ये स्थापन झाले तेव्हा त्याच्या पहिल्या फेलोंमध्ये डीची नेमणूक झाली. तेथेच त्याने ॲरिस्टोफनिसच्या एका ग्रीक नाटकाचा प्रयोग बसविला, आणि त्यात पाठीवर माणूस व शिदोरीची टोपली घेऊन स्वर्गाकडे उडणारा एक प्रचंड भुंगेरा यंत्रयुक्तीने असा काही वर चढविला, की प्रेक्षकांत हे काम सरळ मार्गाचे नव्हे अशी कुजबुज सुरू झाली. दोर, कप्प्या आणि वजने यांचा तो खेळ होता. पण चेटक्या म्हणून जी अपकीर्ती त्याला जन्मभर चिकटली तिचा आरंभ येथे झाला.

इंग्लंडात तेव्हा गणिताला फारसा मान नव्हता, म्हणून डीने लूव्हँची वाट धरली. तेथे गेमा फ्रिसियस आणि नकाशाकार मर्केटर या दोघांचा त्याला स्नेह लाभला, आणि परत येताना मर्केटरने केलेले पृथ्वीगोल व निरीक्षणाची उपकरणे त्याने बरोबर आणली. पॅरिसमध्ये १५५० साली त्याने युक्लिडवर व्याख्याने दिली, तेव्हा सभागृह अपुरे पडून श्रोते बाहेरून खिडक्यांतून डोकावत होते. वय अवघे तेवीस वर्षांचे. तेथे अध्यापकाची जागा देऊ केली असता ती नाकारून तो स्वदेशी परतला. आपल्या विद्येची कदर आपल्याच राजाने करावी ही आशा त्याने मरेपर्यंत सोडली नाही.

पहिला अनुभव मात्र कैदेचा आला. मेरी राणीच्या अमदानीत, १५५५ च्या मे महिन्यात, राणी, तिचा पती फिलिप आणि राजकन्या एलिझाबेथ यांच्या पत्रिका मांडल्याच्या आरोपावरून त्याला धरण्यात आले; राज्यकर्त्याच्या आयुर्मानाचे गणित करणे हे राजद्रोहाच्या जवळपास जाणारे कृत्य होते. राजद्रोहाचा आरोप टिकला नाही, तरी धर्मविषयक तपासासाठी त्याला बिशप बॉनरच्या हवाली करण्यात आले. सुटकेनंतर थोड्याच महिन्यांत या मनुष्याने त्याच राणीकडे कोणता अर्ज केला, तर मठ मोडले गेल्यामुळे देशोधडीला लागलेली जुनी हस्तलिखिते शोधून, नकलून, एका राजकीय ग्रंथालयात जतन करावीत असा! दरबाराने त्यासाठी एक पैसाही मंजूर केला नाही. इंग्रज राष्ट्राला ते ग्रंथालय मिळण्यास पुढे जवळजवळ दोन शतके लागली.

सरकार करीना, तेव्हा डीने ते काम स्वतःच्या शिरावर घेतले. लंडनच्या पश्चिमेस, थेम्सच्या काठी, मॉर्टलेक गावात आईच्या घरी त्याने जो संग्रह जमविला तो त्याच्याच सांगण्याप्रमाणे सुमारे तीन हजार छापील ग्रंथ आणि एक हजार हस्तलिखिते एवढा होता, आणि एलिझाबेथच्या इंग्लंडात खाजगी मालकीचे त्याच्या तोलाचे ग्रंथालय मिळणे कठीण होते. रॉजर बेकनची हस्तलिखिते, अरबी ज्योतिर्विदांची लॅटिन भाषांतरे, किमयेचे ग्रंथ, नौकानयनाचे नकाशे, सारे तेथे एकत्र नांदत होते. खलाशी, मुत्सद्दी, यंत्र करणारे कारागीर आणि परदेशी विद्वान तेथे येत. मॉस्कोशी व्यापार करणाऱ्या कंपनीचे नाविक आणि वायव्येकडून चीनला जाण्याचा मार्ग शोधणारा फ्रोबिशर यांना त्याने भूमिती आणि दिशाज्ञान शिकविले.

त्याच्या ग्रंथांपैकी सर्वांत टिकाऊ ठरली ती एक प्रस्तावना. हेन्री बिलिंग्जलीने युक्लिडचे पहिले इंग्रजी भाषांतर १५७० मध्ये प्रसिद्ध केले. त्यात घनाकृती समजाव्यात म्हणून कागदाचे त्रिकोण चिकटवून ते उभे करण्याची सोयही केलेली होती. त्या ग्रंथाला डीने विस्तृत प्रस्तावना लिहिली, आणि ती विद्यापीठाचे तोंड न पाहिलेल्या सुतार, गवंडी, सर्वेक्षक आणि नावाडी यांच्यासाठी इंग्रजीत लिहिली, हे तिचे मोठेपण. संख्या ही परमेश्वर आणि निसर्ग यांच्या मधोमध उभी आहे, तिला शरीर नाही तरी सर्व शरीरांवर तिची सत्ता चालते, हा तिचा मूळ सिद्धांत. आणि त्या सिद्धांतातून प्रकाशशास्त्र, यंत्रशास्त्र, वास्तुविद्या, नौकानयन, संगीत आणि फलज्योतिष अशा शाखा फुटत जातात. याच प्रस्तावनेत, मध्येच विषय सोडून, आपल्याला भुताखेतांचा सोबती म्हणणाऱ्या निंदकांविरुद्ध त्याने जी तक्रार मांडली आहे ती वाचताना त्याच्या मनाला किती खोल जखम झाली होती हे कळते.

प्रकाशशास्त्राचे उदाहरण देताना त्याने सर विल्यम पिकरिंग यांच्या जवळच्या एका आरशाचे वर्णन केले आहे. त्या आरशाच्या रोखाने तलवार उगारून पुढे सरावे, तो समोरून, आरशाच्या बाहेर, हवेतच एक हात तशीच तलवार घेऊन आपल्यावर चालून येतो आणि आपण आपोआप मागे हटतो. आरसा अंतर्वक्र होता, एवढेच त्यातील रहस्य. अशा आरशापासून वस्तू नाभीच्या पलीकडे असली, की परावर्तित किरण आरशापुढील हवेत एकवटून तेथे वास्तव प्रतिमा घडवितात, आणि वस्तू जवळ सरकू लागली म्हणजे प्रतिमा आरशापासून सुटून पाहणाऱ्याच्या दिशेने येऊ लागते. डीचा गाजलेला आरसा हाच असावा. मार्च १५७५ मध्ये एलिझाबेथ राणी आपल्या सरदारांसह त्याचे ग्रंथालय पाहण्यासाठी मुद्दाम मॉर्टलेकला आली; परंतु अवघ्या चार तासांपूर्वी डीच्या पत्नीचे दफन झाल्याचे कळताच तिने घरात पाऊल टाकण्याचे नाकारले आणि तो आरसाच बाहेर मागविला. लेस्टरच्या अर्लने तिला घोड्यावरून उतरवून घेतले, आणि गावच्या चर्चच्या भिंतीपाशी उभी राहून तिने आरशाचे गुणधर्म पाहिले व ती प्रसन्न झाली, असे डीने नमूद करून ठेवले आहे. पत्नीच्या मातीवरून परतलेला तो मनुष्य राणीला किरणांचे परावर्तन समजावून देत असेल, या कल्पनेने मन विषण्ण होते. पण त्याच्या लेखात त्या प्रसंगाचा अभिमानच दिसतो.

त्या काळच्या पंडितांच्या दृष्टीने जादू ही अनेक मजल्यांची विद्या होती. कॉर्नेलियस ॲग्रिपाने १५३३ मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात विश्वाचे तीन लोक कल्पिले आहेत: खाली पंचमहाभूतांसारख्या चार तत्त्वांचा, मध्ये ग्रहताऱ्यांचा, आणि वर देवदूतांचा. खालच्या लोकातील वनस्पती व रत्ने यांचे गुण जाणणे ही नैसर्गिक जादू, मधल्या लोकाची किल्ली गणित, आणि वरच्या लोकाशी व्यवहार प्रार्थना व विधी यांनी. फ्लॉरेन्सच्या फिचिनो आणि पिको यांनी याच विचाराला प्लेटोच्या तत्त्वज्ञानाची बैठक दिली होती. जिना एकच असेल, तर दुसऱ्या मजल्यावर पोहोचलेल्या गणितज्ञाने तिसऱ्याकडे का पाहू नये?

जादू आणि विज्ञान एकमेकांच्या वेषात कशी वावरत याचे एक उदाहरण डीच्याच चरित्रात आहे. १५६३ मध्ये अँटवर्प येथे ट्रिथेमियस नावाच्या जर्मन मठाधिपतीचा एक दुर्मीळ ग्रंथ त्याच्या हाती लागला आणि दहा दिवस खपून त्याने त्याचा अर्धा भाग नकलून घेतला. सेसिल या मंत्र्याला लिहिलेल्या पत्रात या लाभाचे मोल त्याने मोठ्या आनंदाने वर्णिले आहे. ग्रंथात पिशाचांना आवाहन करून दूरवर निरोप धाडण्याचे मंत्र होते. पुढे १६०६ मध्ये तो छापला गेला तेव्हा सोबत किल्लीही छापली गेली, आणि मंत्र हे वस्तुतः सांकेतिक लिपीचे धडे आहेत हे उघड झाले. त्याचा तिसरा भाग तेवढा खराखुरा जादूचा मानला जात होता, तर विसाव्या शतकाच्या अखेरीस तोही उलगडला आणि त्यातूनही सांकेतिक लिपीच निघाली. अँटवर्पच्या त्या लाभानंतर पुढच्याच वर्षी, १५६४ मध्ये, डीने चंद्रकोर, सूर्याचे वर्तुळ, क्रूस आणि मेष राशीचे चिन्ह एकत्र गुंफून एका मुद्रेत साऱ्या विश्वाचे रहस्य साठविल्याचा दावा करणारा ग्रंथ अवघ्या बारा दिवसांत लिहून काढला. युक्लिडप्रमाणे प्रमेये मांडून तो लिहिलेला आहे, आणि तरीही बहुतेकांना तो अगम्यच राहिला.

पन्नाशी उलटल्यावर डीची खात्री झाली, की पुस्तके वाचून जे ज्ञान मिळते त्याने आपली तृषा शमणार नाही. ईश्वराने प्राचीन काळी हनोखासारख्या सत्पुरुषांकडे देवदूत धाडून ज्ञान दिले, मग प्रामाणिक याचकाला आज ते का मिळू नये, असा त्याच्या प्रार्थनांचा आशय आहे. त्याला स्वतःला स्फटिकात बहुधा काही दिसत नसे, म्हणून पाहणारा दुसरा लागे. तो मार्च १५८२ मध्ये एडवर्ड केली या तरुणाच्या रूपाने आला. खोलीत एक खास घडविलेले मेज असे. त्याच्या पायांखाली मेणाच्या लहान मुद्रा, वर मध्यभागी मेणाचीच मोठी मुद्रा, तिच्यावर रेशमी वस्त्र आणि त्यावर स्फटिक. प्रार्थना झाली, की केली स्फटिकात पाहून दिसेल ते बोले आणि डी शेजारी बसून शब्दन् शब्द टिपून घेई. दिवस, वेळ, प्रश्न, उत्तर, आणि समासात स्वतःच्या शंका, असे ते टिपण असे. मागच्या उत्तराशी विसंगती आढळली तर तो देवदूतालाही उलट प्रश्न करी. एकोणपन्नास आडव्या आणि एकोणपन्नास उभ्या घरांच्या कोष्टकांतून अक्षर अक्षर वेचून आदामाच्या मूळ भाषेचे ग्रंथ सांगण्यात येत, आणि काही वचने तर उलट क्रमाने, शेवटच्या अक्षरापासून, उतरवून घ्यावी लागत. वेधशाळेतील निरीक्षकाची शिस्त या वहीत आहे, आणि म्हणूनच ती वाचताना लेखकाच्या सचोटीविषयी मला कधी संशय आला नाही. केलीविषयी मात्र तसे म्हणवत नाही.

पोलंडचा सरदार आल्बर्ट लास्की याच्या आग्रहावरून सप्टेंबर १५८३ मध्ये डी आणि केली बायकामुलांसह युरोपात गेले. क्राकोवहून ते प्रागला आले, आणि ३ सप्टेंबर १५८४ रोजी सम्राट दुसरा रुडॉल्फ याने डीला एकांतात भेट दिली. किमयागार, चित्रकार आणि ज्योतिर्विद यांना उदार आश्रय देणाऱ्या त्या सम्राटापुढे सोन्याची लालूच दाखविण्याऐवजी डीने देवदूताचा निरोप म्हणून त्याच्या पापांबद्दल त्याची कानउघाडणी केली! असा मनुष्य दरबारी भोंदू असू शकत नाही. पोपच्या वकिलाने कान भरल्यावर १५८६ मध्ये दोघांना प्रागमधून हद्दपार करण्यात आले, आणि दक्षिण बोहेमियात त्रेबोन येथे रोझनबर्क घराण्याच्या मातबर सरदाराने त्यांना आसरा दिला.

तेथे १५८७ च्या वसंतात केलीने स्फटिकातून अशी आज्ञा सांगितली, की दोघांनी सर्व काही, आपल्या पत्नीदेखील, समाईक मानाव्यात. डी हादरून गेला. त्याची नंतरची पत्नी जेन हिने किती अश्रू ढाळले तेही त्याने लिहून ठेवले आहे. आणि अखेर, ज्या वाणीवर आयुष्याची शेवटची आशा ठेवली ती एका ठिकाणी खोटी मानावी तर सगळीच खोटी ठरेल या भयाने, त्याने करारावर सही केली. या प्रसंगी त्याची बुद्धी त्याला सोडून गेली असे मी म्हणेन, आणि जेनवर झालेला अन्याय कोणत्याही युक्तिवादाने धुऊन निघत नाही. डी आणि केली यांचे संबंध त्यानंतर सुधारले नाहीत. १५८९ मध्ये डी इंग्लंडला निघाला. केली सोने करण्याच्या कीर्तीवर रुडॉल्फकडून सरदारकी मिळवून मागे राहिला आणि पुढे सम्राटाच्याच कैदेत पडला.

मॉर्टलेकला परतल्यावर डीला घर लुटलेले आढळले. ग्रंथ आणि उपकरणे यांवर हात मारणाऱ्यांत ओळखीचे लोक होते. निकोलस साँडर नावाच्या एकाने तर पुस्तकांवरील डीची सही खोडून आपली घातली, आणि त्यांतील शंभराहून अधिक ग्रंथ आज लंडनच्या वैद्यांच्या रॉयल कॉलेजात आहेत. दारिद्र्य आले. १५९२ मध्ये राणीने धाडलेल्या दोन अधिकाऱ्यांपुढे त्याने आपल्या सेवेचा आणि उपेक्षेचा वृत्तांत वाचून दाखविला, त्यानंतर काही वर्षांनी मँचेस्टरच्या धर्मपीठाचे प्रमुखपद मिळाले, तर तेथील मंडळींनी त्याला सुखाने नांदू दिले नाही. त्या भागात सात जणांना भूतबाधा झाल्याचे प्रकरण गाजले असता त्याच्याकडे धाव घेणाऱ्यांना त्याने भूत उतरविण्यास साफ नकार देऊन धर्मोपदेशकांकडे जाण्यास सांगितले, हे त्याच्या निंदकांनी ध्यानात घ्यावयास हवे होते. जेम्स राजा गादीवर आल्यावर, १६०४ मध्ये, डीने अर्ज केला, की आपल्यावर चेटकाचा रीतसर खटला भरावा आणि आरोप शाबीत झाल्यास आपल्याला दगडांनी ठेचून किंवा जिवंत जाळून मारावे. पण निर्दोष ठरल्यास हा कलंक तरी पुसला जावा. राजाने अर्जाकडे लक्ष दिले नाही. पुढल्या वर्षी जेन मरण पावली. डी मॉर्टलेकला परतला आणि मुलगी कॅथरिनच्या आधाराने, उरलेली पुस्तके विकून, त्याने शेवटचे दिवस कंठले. १६०८ च्या अखेरीस किंवा १६०९ च्या आरंभी, वयाच्या ८१ व्या वर्षी, त्याचा अंत झाला.

देवदूतांच्या संभाषणांच्या काही वह्या १६५९ मध्ये मेरिक कॅसॉबन याने छापल्या आणि डीला सैतानाने फसविले असा निवाडा दिला. पुढील दोन-अडीच शतके जगाने तोच प्रमाण मानला. आरंभीच्या वह्यांचा मात्र कोणालाच पत्ता नव्हता. डीची एक लाकडी पेटी जुन्या बाजारातून लंडनच्या एका मिठाईवाल्याच्या घरी गेली होती. सुमारे वीस वर्षांनी, १६६२ च्या सुमारास, पेटी हलविताना आत काही खडखडले, तेव्हा तळाशी चोरकप्पा आढळला आणि त्यातून कागद निघाले. घरच्या मोलकरणीने त्यांतले जवळजवळ निम्मे भट्टीतल्या तव्यांखाली घालून व इतर कामांत संपविले. उरलेले मालकिणीच्या दुसऱ्या पतीने १६७२ मध्ये इलायस ॲशमोल या संग्राहकाला देऊन त्याच्याकडून त्याने लिहिलेला एक ग्रंथ मोबदल्यात घेतला. ॲशमोलने पाने लावली, टिपणे जोडली, आणि तेच कागद आज लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयात अभ्यासकांना पाहावयास मिळतात.